तीन फुटी टाकीत कोण कोणाशी नांदेल?

विसूभाऊ

मंडळी, मदत हवी आहे. लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला फिश टँक आणला. ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. टाकी, स्टँड, फिल्टर, खडी, प्लास्टिकची झाडं आणि मासे, सगळं एकाच दुकानात एका दमात उरकलं. लेकीने बोट दाखवायचं आणि मी पैसे द्यायचे, असं करत घरी आले ते असे: २ गोल्डफिश, ४ टायगर बार्ब, २ एंजल, ६ गप्पी, २ शार्क (चंदेरी-काळे, बोटभर) आणि काच साफ करायला म्हणून १ सकर. दुकानदाराला मी दोनदा विचारलं, हे सगळे एकत्र राहतील ना? तो म्हणाला, "बिनधास्त न्या साहेब, सगळे दोस्त आहेत."

आज तीन आठवडे झाले. गप्पी संपले. चार मेलेले मिळाले, दोन मिळालेच नाहीत. एंजलच्या शेपटीची आणि खालच्या लांब मिशांसारख्या पंखांची पार केरसुणी झाली आहे. एक गोल्डफिश वर तोंड काढून धापा टाकतो. शार्क काचेवर थडकत राहतात. मजेत आहेत ते फक्त टायगर बार्ब. लेक शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी मासे मोजते.

प्रश्न एवढाच: यातले कोण ठेवू, कोण काढू, आणि नवीन कोण आणू? कोथरूडला राहतो. पाणी महापालिकेचं.

खवले

विसूभाऊ, कोण कोणाला मारतंय हे बघण्याआधी पाणी मारतंय का ते बघू. तीन गोष्टी सांगा. टाकी भरल्यावर किती दिवसांनी मासे सोडले? फिल्टर कसा धुता? पाणी कधी आणि किती बदललं?

विसूभाऊ

त्याच संध्याकाळी सोडले. पाहुणे केक कापायला आले होते, रिकामी टाकी काय दाखवणार! पाणी गढूळ वाटलं म्हणून दोनदा सगळं काढून नवीन भरलं. फिल्टरचा स्पंज नळाखाली साबणाशिवाय स्वच्छ धुतला. चुकलं का?

खवले

चुकलं, पण आपण सगळेच असे चुकलोय. मीही १९९१ साली क्रॉफर्ड मार्केटातून पिशवी हलवत हलवत घरी आलो आणि आठवड्यात सगळे मासे वारले.

मासे श्वासावाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजावर आणि खडीवर जिवाणू वस्तीला असतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं बऱ्यापैकी सौम्य, ते पाणी बदलून काढायचं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्याकडे ती बसायला लागली की तुम्ही स्पंज क्लोरिनच्या पाण्याखाली धरता. बिचारे जिवाणू दर वेळी बेघर. गोल्डफिशच्या धापांचं पहिलं कारण मी हेच धरेन.

आता रोज पाव टाकी पाणी बदला, सगळं नाही. नवं पाणी क्लोरिन घालवायचं औषध टाकून, टाकीतल्या पाण्याच्या तापमानाचं. स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळायचा, बस. खाणं निम्मं. टेस्ट किट आणा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत एकही नवा मासा नको, लेक रडली तरी.

जलपर्णी

खवलेकाकांना अनुमोदन. पण विसूभाऊ, पाणी सुधारलं तरी ही मंडळी एकत्र नांदणार नाहीत. एकेकाची कुंडली मांडते.

गोल्डफिश. कार्पच्या कुळातला, थंड पाण्याचा, १८ ते २२ अंशांत सुखी. बाकी सगळे २४ ते २८ वाले. शिवाय खादाड, तेवढीच घाण करणारा. दोन गोल्डफिश तुमच्या फिल्टरवर सहा-आठ छोट्या माशांएवढा भार टाकतात. गोल्डफिशबरोबर गोल्डफिशच ठेवावा, या मताची मी आहे.

टायगर बार्ब. हा गुंड नाही, टोळीतला पोरगा आहे. कळपात यांची आपसांत सतत पाठशिवणी चालते, कोण वरचा कोण खालचा ते ठरत राहतं. दहा-बारा असले की ही मस्ती आपसांत जिरते. चारच असले की शेजाऱ्यांवर उतरते. आणि शेजारी कोण, तर संथ पोहणारा, लांब झुलणाऱ्या पंखांचा एंजल. ती केरसुणी त्यांनीच केली. फायटर, लांब शेपटीचे गप्पी, गुरामी, यांच्याबरोबर टायगर बार्ब कधीच नको.

एंजल. दिसतो साधूसारखा, पण आहे सिक्लिड. आपली चिलापी याच कुळातली. दुकानात रुपयाएवढा असतो, वर्षभरात अंग १२-१५ सेंटिमीटर आणि उंची त्याहून जास्त. त्याच्या तोंडात जे मावतं ते तो खातो. तुमचे न सापडलेले दोन गप्पी कुठे गेले याचा मला अंदाज आहे.

शार्क. हा शार्क नाहीच. पंगस आहे, मोठ्या नदीतला मासा, मीटरभरापेक्षा जास्त वाढतो. हॉटेलात बासा म्हणून जी फिले येते ती बहुतेक वेळा याचीच. भित्रा असतो, कळपात राहतो, दचकला की काचेवर डोकं आपटतो. घरातली कुठलीच टाकी याला पुरत नाही. दुकानात हे बोटभर विकतात ही मला फसवणूकच वाटते.

सकर. लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की आळशी होतो, फूटभर किंवा त्याहून मोठा होतो आणि काच साफ करण्यापेक्षा शेण जास्त टाकतो. उपाशी राहिला तर रात्री एंजल किंवा गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्यांचा बुळबुळीत थर ओरपतो.

मुळा_मुठा

जलपर्णीताई, "शेण टाकतो" वाचून चहा सांडला. पण खरं आहे. माझ्या टाकीत पाच इंची सकर होता, त्याच्या लेंड्यांची दोरी बघून सासूबाईंना वाटलं जंत झालेत.

उंटावरचा_शहाणा

लोकांना उगाच घाबरवू नका. चार वर्षांपासून माझ्याकडे एंजल आणि छोटे निऑन टेट्रा एकाच टाकीत आहेत. कोणी कोणाला खाल्लेलं नाही. पुस्तकी ज्ञान वेगळं आणि अनुभव वेगळा.

जलपर्णी

शहाणेसाहेब, होऊ शकतं. एंजल लहान असताना पूर्ण वाढलेले निऑन आधीपासून टाकीत असतील, भरपूर झाडं असतील आणि एंजलला पोटभर खायला मिळत असेल तर तो त्यांना खाणं समजत नाही. तुम्ही किती निऑन आणले होते आणि आता किती आहेत?

उंटावरचा_शहाणा

१२ आणले होते. आता ७.

वयाने गेले असतील.

खवले

मेलेले किती सापडले?

उंटावरचा_शहाणा

...एक.

मुळा_मुठा

वाखूसा (वाचनखूण साठवली). या धाग्याचं नाव बदलून "चार निऑनचं गूढ" करा.

नागपुरी_ऊन

तापमानाचं थोडं माझ्याकडून. पुण्या-मुंबईच्या लोकांना हीटरची काळजी, आम्हाला उलटी. मे महिन्यात बाहेर ४५, तर कूलर चालू असूनही टाकीत ३३-३४ दिसतं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी, आणि माशाला गरम पाण्यात लागतो जास्त. दुपारी दोनला लाइट गेली की मला आधी स्वतःची नाही, टाकीची आठवण येते. बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा, पावसाळ्यात तुम्हालाही लागेल. झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडला की दोन-तीन अंश खाली येतं. पाणी मात्र रोज उडतं, भर टाकावी लागते.

म्हणून सोबती निवडताना नुसतं "जमतं का" विचारू नका, तुमच्या घरात टाकीचं पाणी वर्षभर किती ते किती असतं ते आधी थर्मामीटरने बघा. माझ्याकडे गोल्डफिश दोन उन्हाळे टिकले नाहीत. डिस्कसला २८-३० लागतं, त्याच्या शेजाऱ्यांनाही तेच सोसायला हवं. तळाशी राहणाऱ्या छोट्या कोरी माशाच्या बहुतेक जाती तिथे कोमेजतात.

किल्लारीकर

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर ९०० दाखवतो. किटलीत पांढरा थर बसतो. आम्ही काय ठेवावं? आरओचं पाणी टाकू का?

खवले

किल्लारीकर, पाण्याशी भांडू नका, पाण्याला जुळणारा मासा आणा. जड म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल खूश असतात. पिल्लं घालणारी ही मंडळी आहेत आणि आपसांत जमतंही त्यांचं. नर एक तर माद्या दोन-तीन घ्या, नाहीतर नर मादीचा जीव नकोसा करतात. पिल्लांचं काय करायचं ते मात्र आधी ठरवा. नगरपालिका डास मारायला डबक्यांत गप्पी सोडतात ते उगाच नाही, वाढतातच ते तशा वेगाने.

निऑन, रमी नोज, डिस्कस मऊ पाण्याचे. आरओचं पाणी पाडून त्यांना ठेवता येतं, पण दर आठवड्याला २५-३० लिटर आरओ, शिवाय त्यात क्षार परत घालायचे, आणि वाया जाणारं पाणी वेगळंच. लातूरच्या बाजूला पाणी असं सांडायला मला तरी जीव होणार नाही.

विसूभाऊ, तुमच्या पुण्याचं धरणाचं पाणी तुलनेने मऊ असतं, त्यामुळे तुम्हाला दोन्हीकडचे पर्याय खुले आहेत.

गोदाकाठ

भाऊ, मासे काढायचेच असतील तर एवढं मनाला लावून घेऊ नका. आमच्या जुन्या वाड्याच्या विहिरीत आम्ही गोल्डफिश आणि सकर सोडले, मस्त जगले. नाहीतर नदी आहेच. निसर्गात सोडणं हे मारण्यापेक्षा बरं.

भिगवणकर

गोदाकाठ, कृपा करून हे कोणी करू नका. आमच्याकडे उजनीच्या पाण्यात जाळ्यात सकर येतो. अंगावर हाडांच्या पट्ट्या, पंखांना काटे. जाळ्यात गुंतला की जाळं फाडूनच काढावा लागतो. खायला कोणी घेत नाही. कोळ्याचा दिवस वाया आणि वर जाळ्याचा खर्च. हा दक्षिण अमेरिकेतला मासा, तो चालत आला नाही. कोणीतरी कुठेतरी "निसर्गात सोडला" असणार. आमचे लोक त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. नाव गमतीचं आहे, बाकी गंमत काही नाही.

विहिरीचंही पाणी पावसाळ्यात ओसंडतं.

गोदाकाठ

हे माहीत नव्हतं. चूक मान्य.

विसूभाऊ

सगळ्यांचे आभार. अमोनिया टेस्ट केली, नळीतलं पाणी पोपटी झालं, तक्त्यावर १ आणि २ च्या मध्ये कुठेतरी. रोज पाव टाकी बदलतोय. धापा कमी आहेत. दुसरा गोल्डफिश दादाच्या पोराने नेला, त्याच्याकडे गोल्डफिशचीच टाकी आहे. पहिला बरा झाला की तोही जाईल. दुकानदाराने शार्क आणि सकर परत घेतले, पैसे नाही दिले. मी भांडलो नाही.

आता उरले टायगर बार्ब आणि एंजल. दोन्ही ठेवता येतील असा काही मार्ग?

खवले

नाही. इथे तुम्हाला निवडावंच लागेल.

माझी पद्धत सांगतो. लोक दुकानात जाऊन एक हा, एक तो, दोन ते, असं आवडीने उचलतात आणि मग त्यांचं जमवायला बघतात. मी आधी नवरदेव ठरवतो, मग वऱ्हाड. टाकीत मुख्य मासा एकच. त्याला लागणारं पाणी, त्याच्या तोंडाचा आकार, त्याचा स्वभाव, हे एकदा ठरलं की बाकीच्यांची यादी आपोआप छोटी होते.

तुमची टाकी काठोकाठ १६० लिटरची. खडी आणि वरची जागा सोडून १३५-१४० धरा.

टायगर बार्ब नवरदेव असतील तर दहा-बारा घ्या. बरोबर वेगवान, आखूड पंखांचे मासे: झेब्रा डॅनिओ, रोझी बार्ब. तळाला कुहली लोच पाच-सहा. टाकी दिवसभर धावपळीची दिसेल. जिवंत, पण डोळ्याला विश्रांती नाही.

एंजल नवरदेव असतील तर दोनच ठेवा. मधल्या थरात रमी नोजसारखे जरा मोठे, चपळ टेट्रा आठ-दहा. ते पूर्ण वाढलेलेच आणायचे. तळाला कोरी सहा. कोरीला मिशा असतात, तो त्या वाळूत खुपसून खाणं शोधतो, टोकदार खडीवर मिशा झिजतात, म्हणून निदान अर्ध्या तळाला बारीक वाळू टाका. शेवाळासाठी सकरच हवा तर ब्रिसलनोज, हातभर होत नाही, वीतभरही नाही. आणि बाकी काही नको. खरंच नको. टाकी रिकामी वाटेल, वाटू दे.

जलपर्णी

यात माझी भर. नवीन मासे थेट टाकीत कधीच सोडू नका. प्लास्टिकचा टब, त्यात छोटा स्पंज फिल्टर, दोन-तीन आठवडे मुक्काम. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला तर टबातच येईल. कोरी आणि लोच यांना मीठ आणि तांब्याची औषधं सोसत नाहीत, दुकानदार जी निळी-पिवळी बाटली देतो ती डोळे मिटून ओतू नका.

दुसरं, गरीब मासे आधी, दादागिरीवाले शेवटी. एंजल आधीपासून टाकीत असतील तर नवे सोडण्याआधी दगड आणि लाकूड हलवून मांडणी बदला. हद्दी विसरल्या जातात. दिवे बंद करून सोडा.

तिसरं, गुलाबी, निळे, जांभळे विडो टेट्रा किंवा पाठीवर रंगाची रेघ असलेले काचमासे दिसले तर घेऊ नका. रंगवलेले असतात, काचमाशाला तर सुईने रंग टोचतात. तो आपल्याकडचाच मासा आहे, मुळात पारदर्शक, तसाच जास्त सुंदर दिसतो.

मुळा_मुठा

आपल्याकडच्या माशांवरून आठवलं, मिस केरळा का नाही सुचवत कोणी? सह्याद्रीतला आहे, लाल पट्टा काय सुंदर.

खवले

सुंदर आहेच. पण १५ सेंटिमीटर होतो, सहा-आठचा कळप लागतो, वाहतं आणि प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. तीन फुटांत त्याचा जीव गुदमरेल, चार-पाच फुटी टाकीत विचार करा. शिवाय केरळ-कर्नाटकातल्या नद्यांमधून तो इतका उपसला गेला की आता धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. घ्यायचाच तर हॅचरीत वाढवलेला आहे का ते विचारून घ्या. तीन फुटीसाठी देशी हवा असेल तर झेब्रा डॅनिओ आपलाच की, बंगाल-आसामकडचा. जगभरच्या प्रयोगशाळांत हाच असतो. स्वस्त आहे म्हणून आपण त्याला मान देत नाही.

साने_गल्ली

फायटरबरोबर काय चालतं? एकटा बघून वाईट वाटतं.

जलपर्णी

त्याला वाईट वाटत नाही. एकटा ठेवा. ठेवायचाच तर कोरी किंवा गोगलगाय. गप्पी नको, त्यांच्या शेपट्या बघून त्याला दुसरा फायटर आल्यासारखं वाटतं.

विसूभाऊ

घरात मतदान झालं. मी आणि बायको टायगर बार्बच्या बाजूने, लेक एंजलच्या बाजूने. एंजल जिंकले. टायगर बार्ब शेजारच्या सोसायटीतल्या एका मुलाच्या टाकीत गेले, तिथे आधीच आठ होते. आता अमोनिया शून्यावर यायची वाट.

विसूभाऊ

सात महिन्यांनी धागा वर काढतोय.

दहा रमी नोज, सहा कोरी, एक ब्रिसलनोज. टबात तीन आठवडे ठेवून, मांडणी बदलून, दिवे बंद करून सोडले. सातवा महिना, एकही मेला नाही. एंजलचे पंख पूर्ण भरून आले, केरसुणीचा मागमूस नाही. पाणी बदलायचा दिवस रविवार, लेक बादल्या मोजते, मी उचलतो.

पण गेल्या गुरुवारपासून दोन्ही एंजल फिल्टरच्या पाइपजवळून हलेनात. सगळे रमी नोज उजव्या कोपऱ्यात कोंबून बसलेले. कोणी मध्यरेषा ओलांडली की एंजल अंगावर जातात. मला वाटलं परत पाणी बिघडलं. किट काढलं, सगळं ठीक. मग लेकीने टॉर्च मारून दाखवलं: पाइपवर पांढऱ्या मोत्यांची रांग.

जलपर्णी

अभिनंदन, आजोबा! दुकानातून नुसते बोट दाखवून आणलेले दोन एंजल नर-मादी निघाले, नशीब म्हणायचं. पण आता तीन फुटी टाकीची अर्धी टाकी झाली असं समजा. जोडी अशी दर दोन-तीन आठवड्यांनी अंडी घालू शकते आणि दर वेळी बाकीच्यांची कोपऱ्यात रवानगी. दुसरी टाकी घ्या, दोन फुटी चालेल, पण उंच.

विसूभाऊ

दुसऱ्या टाकीचा विषय घरात काढला. बायको म्हणाली, आधी या टाकीखालचा रद्दीचा कप्पा रिकामा करून दाखव.

विसूभाऊ

ताजी खबर. सकाळी अंडी गायब. एकही नाही. घरात दोन तट पडलेत. माझा संशय आईबापांवर, कारण पहिल्या खेपेला एंजल स्वतःची अंडी खातात असं वाचलं. लेकीचा संशय कोरींवर.

खवले

रात्री दिवा बंद होता?

विसूभाऊ

हो.

खवले

मग लेकीचं म्हणणं खोडून काढता येणार नाही. अंधारात एंजलला नीट दिसत नाही, कोरीला मिशा आहेत. पुढच्या खेपेला रात्री एक मंद दिवा चालू ठेवा आणि तिला पहाऱ्यावर बसवा.